सॉफ्टवेअरचा कोड डेटाबेसमध्ये ठेवला तर धोका नेमका कुठे असतो? देहू, चाकण आणि एका 'सॅमी'ची गोष्ट

देहूला इंद्रायणीच्या काठी गाथा मंदिर आहे. तिथे गेला असाल तर संगमरवरी भिंतींवर कोरलेले तुकोबांचे अभंग पाहिले असतील. चार हजारांहून जास्त अभंग आहेत ते. त्यातलं एक अक्षर बदलायचं कुणी ठरवलं तर छिन्नी-हातोडा घेऊन यावं लागेल. आवाज होईल, भुगा पडेल, आणि दुसऱ्या दिवशी दर्शनाला आलेल्या कुणाच्या तरी ते लक्षात येईलच.

आता तिथून जवळच्या तळवड्याकडे या. इथे आयटी पार्क आहे, एमआयडीसी आहे, शेकडो छोटी-मोठी वर्कशॉप्स आहेत. इथलाही सगळा कारभार लिहिलेल्या मजकुरावरच चालतो, फक्त तो मजकूर दगडात नसून डेटाबेसमध्ये असतो. तिथलं एक अक्षर बदलायला आवाज होत नाही. आणि तो मजकूर जर एखाद्या मशीनने किंवा सर्व्हरने 'वाचून लगेच अंमलात आणायचा' असा असेल, तर ते एक अक्षर बरंच काही करू शकतं.

डेटाबेसमध्ये साठवलेला कोड हा विषय ऐकायला फक्त इंजिनिअर लोकांचा वाटतो. पण तुम्ही टाकलेली प्रत्येक पोस्ट, प्रत्येक कमेंट, प्रोफाइलमधली प्रत्येक ओळ कुठल्यातरी डेटाबेसमध्येच जाऊन बसते. त्यामुळे हा विषय तुमच्या टाइमलाइनपर्यंत येतो. कसा, ते बघू.

आधी एक फरक: नोंद आणि हुकूम

डेटाबेस म्हणजे साध्या भाषेत नोंदवही. ग्राहकाचं नाव, मोबाइल नंबर, बिलाची रक्कम. ही झाली नोंद. नोंद चुकली तर नाव चुकेल, बिल चुकेल, पण नोंद स्वतःहून उठून काही करत नाही.

कोड म्हणजे हुकूम. 'रक्कम ५०००च्या वर असेल तर १० टक्के सूट दे', 'ही फाइल उघड', 'त्या खात्यात पैसे पाठव'. कॉम्प्युटर तो वाचतो आणि करतो, का असं विचारत नाही.

साधारणपणे या दोन गोष्टी वेगवेगळ्या ठेवल्या जातात. कोड फाइलमध्ये असतो. तो बदलायचा तर डेव्हलपर बदल करतो, दुसरा कुणीतरी तपासतो, टेस्टिंग होतं आणि मग तो सर्व्हरवर चढतो. नोंदी मात्र डेटाबेसमध्ये असतात आणि दिवसभर बदलत राहतात. त्या बदलायला कुणाची परवानगी लागत नाही, कारण बदलत राहणं हेच त्यांचं काम.

कोड डेटाबेसमध्ये ठेवला की हुकूम नोंदवहीत जाऊन बसतो. नोंदवहीत ज्याला ज्याला लिहिता येतं, त्या प्रत्येकाला आता हुकूमही लिहिता येतो. सगळा धोका इथून सुरू होतो.

मग लोक असं करतात तरी का?

आळस म्हणून नाही. कारणं खरी असतात.

सूट, स्कीम, टॅक्सचे नियम सारखे बदलतात. प्रत्येक वेळी सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती काढण्यापेक्षा नियम डेटाबेसमध्ये लिहून ठेवला की तो पाच मिनिटांत बदलता येतो. वेबसाइट चालवणाऱ्या सिस्टिम पानाचा साचा डेटाबेसमध्ये ठेवतात, म्हणजे ऑफिसमधल्या कुणालाही ब्राउझरमधूनच तो सुधारता येतो. डेटाबेसच्या आतच चालणारे छोटे प्रोग्रॅम असतात, त्यांना स्टोअर्ड प्रोसिजर म्हणतात. बँकांपासून ईआरपीपर्यंत सगळीकडे ते वापरले जातात. कोडिंगची प्रॅक्टिस करायच्या साइट्सवर विद्यार्थ्यांनी लिहिलेले प्रोग्रॅम आधी साठवायचे आणि मग चालवून बघायचे, हाच तर धंदा असतो. कॅम्पस प्लेसमेंटची कोडिंग टेस्ट दिली असेल तर तुमचा कोडही असाच कुठेतरी साठवून, चालवून तपासला गेला आहे.

म्हणजे 'कोड डेटाबेसमध्ये ठेवूच नका' हा सल्ला सोपा आहे, पण पुरेसा नाही. लोक ठेवणारच. कुणाला लिहिता येतं, कोण चालवतं आणि चालवताना त्याच्या हातात किती ताकद असते, हे प्रश्न जास्त कामाचे.

२००५ : एक प्रोफाइल, २० तास आणि दहा लाख 'फ्रेंड'

सोशल मीडियावाल्यांनी ही गोष्ट माहीत करून घ्यायलाच हवी.

फेसबुक सगळ्यांपर्यंत पोहोचायच्या आधी मायस्पेसचा जमाना होता. तिथे प्रोफाइल सजवायची बरीच मोकळीक होती: रंग, फॉन्ट, चित्रं. सॅमी कामकर नावाच्या १९ वर्षांच्या अमेरिकन मुलाला ती मोकळीकही कमी वाटली. आपल्या प्रोफाइलमध्ये थोडा जावास्क्रिप्ट कोड टाकता येतो का, हे तो बघत होता. मायस्पेस 'जावास्क्रिप्ट' हा शब्द दिसला की काढून टाकायची. सॅमीने तो शब्द मध्येच तोडून दोन ओळींत लिहिला. मायस्पेसच्या फिल्टरला तो ओळखू आला नाही. पण त्या काळचे काही ब्राउझर जरा जास्तच समजूतदार होते. त्यांनी दोन्ही तुकडे जोडून वाचले आणि कोड चालवला.

४ ऑक्टोबर २००५ला त्याने हे सोडलं. त्याचं प्रोफाइल जो कुणी उघडेल, त्याच्या ब्राउझरमध्ये तो कोड चालायचा. तो दोन कामं करायचा. बघणाऱ्याच्या नावाने सॅमीला फ्रेंड म्हणून जोडायचा, आणि स्वतःची नक्कल बघणाऱ्याच्या प्रोफाइलमध्ये लिहून ठेवायचा. मग त्या माणसाचं प्रोफाइल उघडणाऱ्यांनाही तेच व्हायचं. २० तासांच्या आत दहा लाखांहून जास्त लोकांच्या खात्यातून सॅमीला फ्रेंड रिक्वेस्ट गेल्या. मायस्पेसला साइट बंद करून साफसफाई करावी लागली.

इथे नीट बघा. सॅमीने मायस्पेसचा सर्व्हर फोडला नव्हता. पासवर्ड चोरला नव्हता. त्याने स्वतःच्या प्रोफाइलमध्ये, म्हणजे जिथे लिहायचा त्याला पूर्ण अधिकार होता तिथेच लिहिलं. मायस्पेसच्या डेटाबेसने ते 'नोंद' म्हणून जपून ठेवलं आणि लोकांच्या ब्राउझरने 'हुकूम' म्हणून पाळलं. त्याचा हेतू टवाळीचा होता, पण कायद्याने ते मानलं नाही. २००७मध्ये त्याला तीन वर्षांचं प्रोबेशन, समाजसेवा आणि कॉम्प्युटर वापरावर निर्बंध अशी शिक्षा झाली.

नऊ वर्षांनी ट्विटरच्या ट्वीटडेक या ॲपमध्ये हेच झालं. ११ जून २०१४ला ऑस्ट्रियातला एक किशोरवयीन मुलगा हृदयाचं चिन्ह ट्वीटमध्ये नीट दिसावं म्हणून खटपट करत होता. त्या खटपटीत त्याला दिसलं की ट्वीटडेक ट्वीटमधला कोड चक्क चालवतं. मग कुणीतरी स्वतःला रीट्वीट करणारं ट्वीट बनवलं. ते हजारोंनी पसरत गेलं, मोठमोठ्या वृत्तसंस्थांच्या खात्यांवरूनही. कुणीही बटण दाबलं नव्हतं. ट्वीट स्क्रीनवर आलं की काम झालं.

याला स्टोअर्ड एक्सएसएस म्हणतात. उपाय ऐकायला साधा आहे: लोकांनी लिहिलेलं काहीही पानावर दाखवताना त्यातल्या खास चिन्हांचं साध्या अक्षरांत रूपांतर करायचं, म्हणजे ब्राउझर ते वाचेल पण चालवणार नाही. अडचण अशी की ही काळजी प्रत्येक ठिकाणी घ्यावी लागते, आणि चूक एकाच ठिकाणी झाली तरी पुरते.

सर्व्हरवर चालणारा कोड: ड्रुपलची ती रात्र

ब्राउझरमध्ये कोड चालला तर नुकसान त्या त्या माणसाच्या खात्यापुरतं. सर्व्हरवर चालला तर सगळं घरच हातात जातं.

ड्रुपल हे वेबसाइट बनवायचं मोफत सॉफ्टवेअर आहे. सरकारी खाती, विद्यापीठं, माध्यमसंस्था ते जगभर वापरतात. त्याच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये एक सोय होती: लेख लिहायच्या चौकटीत थेट पीएचपी कोड टाकायचा. तो लेखासोबत डेटाबेसमध्ये जायचा आणि पान उघडलं की चालायचा. सोयीचं होतं, पण त्याचा अर्थ असा की ज्याला ही सोय वापरायचा अधिकार मिळाला, त्याला लेखच नाही तर सर्व्हर चालवता यायचा. शेवटी ड्रुपल ८ मध्ये ही सोय मूळ सॉफ्टवेअरमधून काढून टाकली.

पण मोठा धडा मिळाला १५ ऑक्टोबर २०१४ला. ड्रुपल ७ मध्ये एसक्यूएल इंजेक्शनची त्रुटी सापडली. म्हणजे लॉगिनसारख्या चौकटीत नावाऐवजी चलाखीने रचलेला मजकूर टाकला की डेटाबेस त्यालाच आज्ञा समजायचा. गंमत म्हणजे त्रुटी डेटाबेसशी बोलणाऱ्या ज्या भागात होती, तो भाग अशा इंजेक्शनपासून बचाव व्हावा म्हणूनच लिहिलेला होता.

हल्लेखोरांनी याचा फायदा कसा घेतला ते बघण्यासारखं आहे. ड्रुपलच्या डेटाबेसमध्ये एक तक्ता असतो. कुठला पत्ता उघडला की कुठलं फंक्शन चालवायचं, हे त्यात लिहिलेलं असतं. हल्लेखोरांनी त्या तक्त्यात एक नवी ओळ घातली: अमुक पत्ता उघडला की 'फाइलमध्ये मजकूर लिही' हे पीएचपीचं तयार फंक्शन चालव. बस. आता तो पत्ता ब्राउझरमध्ये टाकला की सर्व्हरवर हवी ती फाइल तयार. संपूर्ण प्रोग्रॅम साठवायचीही गरज पडली नाही. 'कोणता कोड चालवायचा' याचं फक्त नाव डेटाबेसमध्ये असलं तरी ते पुरलं.

दोन आठवड्यांनी, २९ ऑक्टोबरला, ड्रुपलच्या सुरक्षा टीमने जाहीर केलं: दुरुस्ती आल्यापासून सात तासांत ज्यांनी ती बसवली नाही, त्यांनी आपली साइट फुटली असंच समजावं. आपल्या घड्याळात ती मुदत होती १५ तारखेच्या रात्री साडेनऊपासून १६च्या पहाटे साडेचारपर्यंत. म्हणजे भारतातल्या बहुतेक वेबमास्टरना सकाळी चहा घेताना बातमी कळेपर्यंत वेळ संपलेली होती. शिवाय नुसती दुरुस्ती बसवून उपयोग नव्हता. दुरुस्तीने दार बंद होतं, पण आत आलेला माणूस आतच राहतो. त्या तक्त्यातली ती ओळ तशीच राहणार. म्हणून १५ ऑक्टोबरच्या आधीच्या बॅकअपवरून साइट पुन्हा उभारा, असा सल्ला होता.

आता चाकणच्या शॉपफ्लोअरवर

वेबसाइटचं झालं. पण आपल्या पट्ट्यात, तळवडे, भोसरी, चाकण, इथे 'साठवलेला कोड' म्हटलं की मला आधी सीएनसी मशीन आठवतं.

सीएनसीवर जॉब कसा कापायचा हे जी-कोडमध्ये लिहिलेलं असतं. तो खराखुरा प्रोग्रॅमच असतो, फक्त त्याचा परिणाम स्क्रीनवर दिसत नाही, लोखंडावर दिसतो. एका कॉम्प्युटरवर सगळ्या जॉबचे प्रोग्रॅम ठेवायचे आणि केबलने किंवा नेटवर्कने मशीनला पाठवायचे, याला डीएनसी म्हणतात. प्रोग्रॅम कुठे साध्या फोल्डरमध्ये असतात, कुठे डेटाबेसमध्ये: पार्ट नंबर, रिव्हिजन, कोणी बदललं, कधी बदललं.

या भाषेत एका आकड्याची किंमत बघा. जी०१ म्हणजे ठरलेल्या फीडने कापत जा. जी०० म्हणजे रॅपिड, मशीनच्या पूर्ण वेगाने सरक. १चा ० झाला तर टूल जॉबमध्ये पूर्ण वेगाने घुसेल. किंवा टिंब. बऱ्याच कंट्रोलवर नेहमीच्या सेटिंगमध्ये आकड्यापुढे टिंब नसेल तर तो मिलिमीटर नाही, मायक्रॉन धरला जातो. 'झेड उणे ५०' असं टिंबाशिवाय लिहिलं तर ०.०५ मिलिमीटर. टिंब दिलं तर सरळ ५० मिलिमीटर खाली. टूल तुटणं हा त्यातला स्वस्त प्रकार. स्पिंडल गेला तर लाखांत जातं, आणि दार उघडं ठेवून कुणी उभं असेल तर पैशांचं बोलूच नका.

समजा, तळवड्यातल्या एका वर्कशॉपमध्ये असा डीएनसीचा डेटाबेस आहे. तिन्ही शिफ्टचे ऑपरेटर एकाच लॉगिनने वापरतात, कारण प्रत्येकाला वेगळा पासवर्ड दिला की विसरतात. सॉफ्टवेअरवाला वेंडर दुरून कनेक्ट होतो, त्याचाही तोच पासवर्ड. नोकरी सोडून गेलेल्या सेटरलाही तो पाठ आहे. आता एखाद्या रात्री प्रोग्रॅममध्ये बदल झाला, तर कोणी केला हे कसं कळणार? डेटाबेस सांगेल: 'ॲडमिनने केला'. ॲडमिन म्हणजे सगळेच.

आणि धडाक्यात मशीन ठोकणारा बदल परवडला. कुठेतरी चार शतांश मिलिमीटरचा फरक पडला तर मशीन सुखाने चालत राहील, पार्ट चकचकीत दिसतील, लॉट कंपनीत जाईल, आणि तीन आठवड्यांनी सगळं रिजेक्ट होऊन परत येईल. तोपर्यंत ऑपरेटर, सेटर, क्वालिटीवाला आणि मालक एकमेकांकडे बोट दाखवून दमलेले असतील.

मशीनवाल्यांकडे यावर जुना, चांगला उपाय आहे. बऱ्याच सीएनसी पॅनलवर प्रोग्रॅम एडिट करायला खरीखुरी किल्ली फिरवावी लागते. ही किल्ली सुपरवायझरच्या खिशात असली तर ती सुरक्षा. पॅनललाच लावलेली राहिली तर ती शोभेची वस्तू. डेटाबेसच्या परवानग्यांचंही अगदी असंच आहे.

'तुका म्हणे' आणि सहीचा प्रश्न

तुकोबांच्या अभंगांच्या शेवटी 'तुका म्हणे' अशी नाममुद्रा येते. ती आहे म्हणून अभंग त्यांचाच, असं मात्र अभ्यासक मानत नाहीत. नंतरच्या लोकांनी रचून त्यांच्या नावावर घातलेल्या रचनाही आहेत. त्यांना क्षेपक म्हणतात. कारण उघड आहे: नाममुद्रा कुणालाही लिहिता येते.

डेटाबेसमधल्या 'बदल करणारा' या रकान्याची किंमतही तेवढीच असते. ज्याला कोड बदलता येतो, त्याला बाजूचा रकानाही बदलता येतो.

यावरचा पहिला उपाय हॅश. कोडचा सगळा मजकूर एका गणिती प्रक्रियेतून घालायचा की एक ठरावीक लांबीचा ठसा मिळतो. एसएचए-२५६ या पद्धतीत तो ६४ अक्षरांचा असतो. मजकुरातलं एक टिंब बदललं तरी ठसा पूर्ण बदलतो. कोड चालवण्याआधी ठसा पुन्हा काढायचा आणि जुन्याशी ताडून बघायचा.

पण इथे बरेच जण एक चूक करतात: ठसा त्याच तक्त्यात, कोडच्या शेजारी ठेवतात. मग कोड बदलणारा नवा ठसाही काढून तिथे लिहितो आणि तपासणी छान पास होते. चोराच्या हाती किल्ल्या देण्यातला प्रकार.

म्हणून डिजिटल सही. यात दोन किल्ल्या असतात. सही करायची गुप्त किल्ली डेटाबेसच्या सर्व्हरवर नसतेच. ती कोड तपासणाऱ्या माणसाकडे किंवा वेगळ्या मशीनवर असते. कोड चालवणाऱ्या सर्व्हरकडे फक्त सही तपासायची किल्ली असते. डेटाबेस पूर्ण हल्लेखोराच्या ताब्यात गेला, तरी त्याला हवा तो कोड लिहिता येईल पण खरी सही करता येणार नाही, आणि सर्व्हर तो कोड चालवायला नकार देईल. 'तुका म्हणे' कुणालाही लिहिता येतं, तुकोबांचं हस्ताक्षर काढता येत नाही, असं समजा.

अर्थात सही करणाऱ्याचंच घर फुटलं तर? तेही झालं आहे, आणि त्याचा फटका थेट महाराष्ट्राला बसला आहे. जून २०१७मध्ये युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा अपडेट सर्व्हर हल्लेखोरांच्या हातात गेला. ते सॉफ्टवेअर वापरणाऱ्या कंपन्यांना नेहमीच्या, विश्वासाच्या वाटेनेच घातक कोड पोहोचला. तो नॉटपेट्या. जहाज कंपनी मेअर्स्क त्यात सापडली, आणि त्याच समूहाकडून चालवलं जाणारं न्हावा-शेवा इथल्या जवाहरलाल नेहरू बंदरातलं कंटेनर टर्मिनल ठप्प झालं. गोदामात काय आहे हे न तपासता फक्त 'गोदाम आपलं आहे' म्हणून माल उचलला, की हे होतं.

मेअर्स्कचं नंतरचं प्रकरणही सांगण्यासारखं आहे. जगभरच्या त्यांच्या नेटवर्कचा नकाशा ज्या सर्व्हरवर असतो, त्यांच्या सगळ्या प्रती एकमेकींशी जोडलेल्या होत्या, त्यामुळे सगळ्याच एकदम पुसल्या गेल्या. वाचली फक्त घानामधली एक. का? तर हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेली होती. गाथा इंद्रायणीत बुडवली तरी ती तेरा दिवसांनी वर आली, असं परंपरा सांगते. त्याच तुकोबांचे अभंग चाकणच्या संताजी जगनाडे महाराजांनी आपल्या वह्यांत उतरवून ठेवले होते, हेही तीच परंपरा सांगते. बॅकअपवाला प्रत्येक इंजिनिअर या दुसऱ्या वाक्याकडे जास्त लक्ष देईल. प्रत वेगळ्या घरात हवी, आणि मुख्य घराशी सतत जोडलेली नको.

(पुणेकरांना इथे २०१८चा कॉसमॉस बँकेवरचा हल्ला आठवेल. दोन टप्प्यांत ९४ कोटींहून जास्त रक्कम गेली होती, आणि २०२३मध्ये पुण्यातल्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवलं. पण ते प्रकरण वेगळं. तिथे बँकेची खरी यंत्रणा बाजूला ठेवून तिच्या जागी खोटी यंत्रणा 'हो, पैसे द्या' असं एटीएमना सांगत होती. साम्य एवढंच की विचारणाऱ्याने उत्तर कोण देतंय हे तपासलं नाही.)

चालवणाऱ्याच्या हातात किती ताकद?

कोड खरा आहे की नाही हा अर्धा प्रश्न. उरलेला अर्धा असा, की तो चालताना त्याला काय काय करता येतं?

स्टोअर्ड प्रोसिजरचं उदाहरण घ्या. मायएसक्यूएलमध्ये वेगळं काही सांगितलं नाही तर ती ज्याने बनवली त्याच्या अधिकाराने चालते, ज्याने बोलावली त्याच्या नाही. ग्रामपंचायतीतल्या शिपायाला सरपंचाचा शिक्का वापरायला दिल्यासारखं आहे हे. एका ठरावीक दाखल्यासाठी दिला असेल तर सोय. कुठल्याही कागदावर मारता येत असेल तर संकट. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये उलट आहे, तिथे बोलावणाऱ्याचा अधिकार धरला जातो. आपला डेटाबेस यातलं काय करतो हे ठाऊक नसणारे डेव्हलपर कमी नाहीत.

काही डेटाबेसमध्ये तर ऑपरेटिंग सिस्टिमला थेट आज्ञा द्यायचीही वाट असते. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये ती २००५च्या आवृत्तीपासून सुरुवातीला बंद असते. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये पायथॉनसारख्या भाषेत प्रोसिजर लिहायची तर ती 'अविश्वसनीय' भाषांत मोडते आणि फक्त मुख्य प्रशासकालाच तशी प्रोसिजर बनवता येते. कुणीतरी 'काम होत नाहीये' म्हणून हे दोन्ही उघडून देतं, मग बंद करायचं राहून जातं.

अनोळखी लोकांचा कोड चालवायचाच असेल, जसं कोडिंग टेस्टवाले करतात, तर सँडबॉक्स लागतो. कोड वेगळ्या बंद खोलीत चालतो. तिथे इंटरनेट नाही, डेटाबेसचा पासवर्ड नाही, दुसऱ्या विद्यार्थ्याच्या फाइल नाहीत. ठरावीक सेकंद, ठरावीक मेमरी, मग खोलीसकट पुसून टाकायचं. यात पळवाटा निघाल्याच्या घटना घडतात, म्हणून खोलीबाहेर आणखी एक कुंपण ठेवतात.

आणि एक दुर्लक्षित गोष्ट: कोडमध्ये लिहिलेली गुपितं. घाईत कुणीतरी एसएमएस पाठवायच्या सेवेचा किंवा पेमेंटचा गुप्त नंबर थेट कोडमध्येच लिहितं. तो कोड डेटाबेसमध्ये. डेटाबेसचा बॅकअप पेनड्राइव्हवर. पेनड्राइव्ह कुणाच्या तरी बॅगेत. पुढचं सांगायला नको.

कायदा काय म्हणतो?

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधलं कलम ६५ थेट सोर्स कोडशी छेडछाड करण्याबद्दल आहे: तीन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण त्यात एक अट आहे. जो कोड जपून ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे, त्यालाच ते लागू होतं. वर्कशॉपमधल्या जी-कोडला ते लागू व्हायची शक्यता कमी. तिथे कलम ४३ आणि ६६ कामाला येतात. नुकसान करायच्या हेतूने कोड चोरणं, नष्ट करणं किंवा बदलणं हे २००८च्या दुरुस्तीने कलम ४३ मध्ये घातलं गेलं.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. कागदावर चांगलं आहे. पण तिन्ही शिफ्ट एकाच लॉगिनवर चालत असतील तर १८० दिवसांच्या लॉगमध्ये १८० दिवस एकच नाव दिसणार, आणि पोलिसांनी विचारलं तर त्या नावाचा माणूसच नसणार.

तुमची छोटी साइट किंवा युनिट असेल तर

सॉफ्टवेअर करून देणाऱ्याला तीन-चार गोष्टी विचारा. समजलं नाही तर पुन्हा विचारा, लाजू नका, पैसे तुमचे आहेत.

वेबसाइट ज्या लॉगिनने डेटाबेसशी बोलते, त्या लॉगिनला कोड असलेल्या तक्त्यात लिहिता येतं का? उत्तर 'हो' असेल तर ते बदलून घ्या. वाचण्यासाठी एक लॉगिन, लिहिण्यासाठी दुसरं, हे जवळपास फुकटात होतं. लोकांनी भरलेला मजकूर एसक्यूएलच्या वाक्यात चिकटवला जातो की वेगळा पाठवला जातो? वेगळा पाठवणं हेच इंजेक्शनवरचं औषध, आणि ते आज प्रत्येक भाषेत तयार मिळतं. डेटाबेसमधल्या कोडची मूळ प्रत बाहेर, गिटसारख्या ठिकाणी आहे का? असेल तर रोज रात्री दोन्ही ताडून बघणारी चार ओळींची स्क्रिप्ट लिहिता येते. फरक दिसला की मोबाइलवर मेसेज. तुकोबांच्या गाथेची सरकारी मदतीने निघालेली एकोणिसाव्या शतकातली आवृत्तीही वेगवेगळ्या ठिकाणच्या वह्या ताडूनच तयार झाली होती. पद्धत नवी नाही.

शेवटचा प्रश्न बॅकअपचा. बॅकअप आहे का असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. शेवटचा बॅकअप परत चढवून कधी बघितला, ते विचारा.

आणि चाकण-भोसरीत सीएनसी असेल, तर उद्या सकाळी पहिल्या शिफ्टला एकदा पॅनलजवळ जाऊन ती एडिटची किल्ली कुठे आहे तेवढं बघून या.